माइकचं हिरवं चिन्ह

१

माझा जबाब ज्या पोलिसांनी लिहून घेतला, त्यांनी त्यातली न पटणारी वाक्यं गाळली. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, मुद्द्याचं तेवढं घेतलं." मुद्दा कोणता हे ठरवण्यात माझा जन्म गेला. म्हणून ती वाक्यं इथं पुन्हा लिहितो आहे. हाताने. बोटं दुखतात, दुखू देत.

या बोटांपासूनच सगळं सुरू झालं. सांधे धरायला लागल्यापासून मला टाइप करणं जमेना, आणि स्तंभ तर दर आठवड्याला द्यायचा. शेवटी इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. 'मराठीत बोला, आपोआप टाइप होईल.' फुकट. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात माइकचं हिरवं चिन्ह आलं आणि मी बोलायला लागलो.

बोलून बातमी द्यायची सवय मला जुनीच. सिल्लोडला वार्ताहर होतो तेव्हा एसटीडी बूथमध्ये उभं राहून बातमी सांगायचो आणि इकडे कार्यालयात कुणीतरी ती उतरवून घ्यायचं. विरामचिन्हंसुद्धा तोंडाने सांगावी लागायची. 'कापसाची खरेदी बंद पडली, स्वल्पविराम.' 'पूर्णविराम, नवा परिच्छेद.' ती सवय गेली नाही ती नाहीच. मंजुषा, माझी बायको, म्हणायची की मी भांडतानाही पूर्णविराम देतो.

या सॉफ्टवेअरच्या डोक्यात मात्र ते शिरेना. मी पूर्णविराम म्हटलं की ते ठिपका द्यायच्या ऐवजी 'पूर्णविराम' असा अख्खा शब्द टाइप करी. हळू म्हणून पाहिलं, ओरडून म्हणून पाहिलं. लेख संपला की दुखऱ्या बोटांनी ते सगळे शब्द पुसत बसायचं. वर दर दोन मिनिटांनी जाहिराती. गुडघेदुखीचं तेल, रमी, आणि 'तुमचा संगणक धोक्यात आहे' असं सांगणारी लाल चौकट. धोका कुणामुळे आहे ते ती चौकट सांगत नव्हती.

२

आमचा फ्लॅट पडेगावला, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं की हॉल, हॉलच्या समोरच्या टोकाला माझी लिहायची खोली, खोलीच्या पलीकडे गॅलरी. गॅलरीचं ग्रील गंजलं होतं. नवं करून देतो म्हणून फॅब्रिकेशनवाल्याने ते काढून नेलं आणि तो जो गेला तो गेलाच. फोन केला की एकच उत्तर, "उद्या येतो साहेब, वेल्डिंगवाला गावाकडं गेलाय." मी मोकळ्या जागेवर आडवी नायलॉनची दोरी बांधली. खोलीच्या दाराचा पडदा ओढलेला नसला की बाहेरच्या दारातून थेट आकाश दिसायचं.

एरवी त्याचं एवढं काही वाटलं नसतं. पण मंजुषाच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डावा डोळा आधीपासूनच अधू. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. तो जागेवर राहावा म्हणून तिने सारखी मान खाली घालून बसायचं. टेबलावर उशी ठेवून, त्यावर कपाळ टेकून ती दिवसभर बसे. जेवायला, थेंब घालायला तेवढी उठे, तेही मान न उचलता. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळे. त्या दिवसांत तिच्यासाठी मी म्हणजे फक्त आवाज होतो.

तिला मी दोन गोष्टी बजावल्या होत्या. माझ्या खोलीत एकटीनं जायचं नाही. आणि मी बाहेर गेलो की दाराला आतून साखळी लावायची, माझा आवाज ऐकल्याशिवाय काढायची नाही. कारण विक्रेते येतात, देणगीवाले येतात, आणि ती सगळ्यांशी गोड बोलते.

त्या सकाळी मी ग्रीलवरच लेख सांगत होतो. 'ग्राहकाला वेठीस धरण्याची ही वृत्ती पूर्णविराम' असं स्क्रीनवर उमटलं. श्वास घ्यायला थांबलो. मी काही बोललेलो नसताना खाली आणखी एक ओळ उमटली.

मंजुषाने मान हलवली. तिला पाणी हवं आहे.

चिडलो, कारण लेख बिघडला. मग ओळ पुन्हा वाचली. ठिपके. दोन्ही वाक्यांच्या शेवटी बिनचूक ठिपके.

पाण्याचा ग्लास घेऊन मी हॉलमध्ये गेलो. मंजुषा उशीत तोंड घालूनच हसली.

"मनकवडे झालात की काय? आत्ता हाकच मारणार होते."

३

ओवैसभाईंचं औरंगपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस चाळिशीचा, गडबड्या, तोंडात सतत बडीशेप. घरी आले, माझ्या खुर्चीत बसले आणि स्क्रीन बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"सर, हे मशीन हाय का भंगारचं दुकान? काय काय भरून ठेवलंय!"

"मी एकच वस्तू उतरवली."

"सगळे एकच उतरवतात. ती आपल्या खानदानाला घेऊन येते." मग आवाज खाली आणून, "ये तेल की जाहिरात पे आपने क्लिक तो नहीं किया?"

"गुडघा दुखत होता."

"हां, मग भोगा."

त्यांनी ते सॉफ्टवेअर काढलं, अँटीव्हायरस चालवला, मशीन बंद करून सुरू केलं. हिरवं चिन्ह गेलं. चहा होईपर्यंत ते कोपऱ्यात पुन्हा येऊन बसलं होतं. ओवैसभाईंनी पुन्हा काढलं. पुन्हा आलं. त्यांचं बडीशेप चावणं थांबलं.

मी त्यांना ती ओळ सांगितली. त्यांनी उडवून लावली. "माइक चालू राहिला असणार. मॅडम काहीतरी पुटपुटल्या, त्यानं टाइप केलं. सिंपल."

"आणि ठिपके? माझं ऐकत नाही, तिचं ऐकलं?"

"आता सॉफ्टवेअरशी पण भांडणार का सर तुम्ही?"

त्यांनी माइकची वायर उपटली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, आता भिंतीशी बोला. आम्ही दोघं हसलो. माझं हसू आधी थांबलं, कारण माझं तोंड स्क्रीनकडे होतं.

ती फक्त आवाज ओळखते.

माइक माझ्या हातात होता. ओवैसभाई वळले, त्यांनी वाचलं, मग खाली वाकून टेबलाखाली दुसरा माइक आहे का ते पाहिलं. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला हवं होतं तेच होतं, म्हणजे राग.

"कुणीतरी बाहेरून घुसलाय सर. तुम्ही पेपरात लिहिता, कुणाला मिरची लागली असेल. बसला असेल कुठंतरी, मजा बघतोय. फॉरमॅट मारावा लागेल."

मला पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्यावर चिडलेला माणूस मला समजतो. मी आयुष्यभर तसलीच माणसं तयार केली आहेत.

४

फॉरमॅट म्हणजे घर धुऊन काढणं, असं ओवैसभाई म्हणाले. सगळं पुसलं, सगळं नव्याने घातलं. इंटरनेटची वायरही काढून ठेवली. स्वच्छ निळा पडदा. मी माझे जुने लेख परत घेण्यासाठी पेन ड्राइव्ह लावला आणि दुसऱ्या सकाळी चिन्ह हजर.

फोनवर आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"पेन ड्राइव्ह लावला ना? त्यातच बसलंय ते. मी नाही म्हणलो होतो का?"

"तुम्ही तसं काही म्हणाला नव्हता."

"म्हणलो होतो सर. तुम्ही ऐकत नाय कुणाचं."

मी फोन आपटला. मागे वळलो तर कोऱ्या पानावर ओळ होती. पान मी उघडलेलं नव्हतं.

गॅलरीला अजून गज नाहीत.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग उठलो, आणि आधी काय केलं असेल तर फॅब्रिकेशनवाल्याला फोन. त्याला जे बोललो ते छापता येणार नाही. "उद्या नक्की," तो म्हणाला. मग गॅलरीत जाऊन दोरीच्या गाठी आवळल्या. समोर दौलताबादच्या रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, खाली पार्किंगच्या फरशीवर कुणीतरी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. भर सकाळ. ऊन. कुठे काही नाही.

संध्याकाळी ओवैसभाई आले आणि कॉम्प्युटरचा डबा काखोटीला मारून घेऊन गेले. "दुकानात बघतो. हा दहशतवादी माझ्या हातातून सुटायचा नाय."

टेबलावर डब्याच्या जागी धुळीचा चौकोन राहिला. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

५

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी नव्हतं म्हणून सोसायटीने टँकर बोलावला. टँकरवाल्याने अर्धंच पाणी टाकून पाइप गुंडाळायला घेतला आणि माझी त्याच्याशी जुंपली. घामाघूम होऊन वर आलो तर मंजुषा खुशीत होती. उशीत तोंड, पण आवाजात हसू.

"आज वाचून दाखवलंत ते फार छान वाटलं हो. रोज वाचत जा असं."

"काय वाचून दाखवलं?"

"लेख. आत्ता. तुमच्या खोलीतून वाचत होतात ना? ते पूर्णविराम, स्वल्पविराम तेवढे गाळले असते तर बरं झालं असतं. पण असू दे, सवय आहे तुमची."

मी तिला सांगितलं की मी खाली होतो. तिने मानलं नाही. टँकरवाल्याशी भांडत होतो म्हटलं.

"ते आलंच ऐकू. सगळ्या सोसायटीला आलं. पण त्याच्या आधी वाचत होतात."

"मंजुषा, मी वाचत नव्हतो!"

"बघा, लगेच चिडलात." तिने उशीची खोळ सारखी केली. "हल्ली दुपारचे किती शांत असता तुम्ही. विचारता, उजेड टोचतोय का, पाणी देऊ का. मला वाटलं, माझ्या डोळ्यांच्या निमित्ताने का होईना, माणूस सुधारला."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"त्या ओवैसने डबा नेला तेव्हापासून."

मी खोलीत गेलो. टेबल, खुर्ची, धुळीचा चौकोन. स्पीकर ओवैसभाईंनी डब्याबरोबर नेले होते. रेडिओ नाही. माझा फोन खिशात. शेजारच्यांचा टीव्ही असेल, मी म्हटलं. औषधांची गुंगी असेल. अंधारात बसलेल्या माणसाला आवाज ऐकू येतात, डॉक्टरांना विचारायला हवं. बातमीदाराला एका साक्षीदारावर विसंबता येत नाही.

म्हणून दुसरा साक्षीदार गाठला. स्वयंपाकाला येणाऱ्या आवडाबाईंना स्वयंपाकघरात विचारलं, मी घरात नसताना खोलीतून आवाज येतो का.

त्यांनी पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी नसताना कसा यील साहेब? तुमी असताच की आतमंदी. लई गोड बोलता बाईसंगं. मी तर म्हणलं, रिटायर झाल्यावर मानूस असं निवतंय तर आमच्या मालकाला बी लौकर रिटायर करावा."

त्या हसल्या. तव्यावर पोळी करपली.

६

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर ओवैसभाईंचा फोन आला. विजयी आवाज.

"सर, काम फत्ते! मशीन एकदम क्लीन. तीन अँटीव्हायरस मारले, एक दाणा सापडला नाय. चिन्ह नाय, ओळी नाय, कुछ नहीं."

"मग ते गेलं कुठं?"

"कुठं म्हणजे? गेलं. निघालं. आता कुठं गेलं ते विचारून तुम्हाला काय मुलाखत घ्यायचीय त्याची?"

मी डबा आणायला निघालो. खरं तर नको वाटत होतं, पण घरात नको असलेली एखादी गोष्ट बाहेर गेली आहे याचा पुरावा मला डोळ्यांनी बघायचा होता. आवडाबाईंना म्हटलं, मी येईपर्यंत मंजुषाला सोडून हलू नका. त्यांनी मान डोलावली. खोलीचा दरवाजा मी ओढून घेतला आणि बाहेरून कडी लावली. कडी लावली की ती एकदा ओढून बघायची माझी सवय आहे. ओढून बघितली. लागली होती.

दुकानात ओवैसभाईंनी मशीन सुरू करून दाखवलं. निळा पडदा, रिकामा कोपरा. मी समोर बसून मोठ्याने म्हणालो, "पूर्णविराम." काही झालं नाही. आपण वेडे आहोत असं वाटण्याइतकं सुखाचं त्या आठवड्यात मला दुसरं काही वाटलं नव्हतं.

रिक्षाने परत आलो. डबा उचलून जिना चढत होतो तर वरून आवडाबाई उतरत होत्या. हातात पिशवी. मला पाहून जागच्या जागी थबकल्या.

"अवं साहेब, तुमी खाली कवा गेलात?"

"तुम्ही वर का नाही? मी तुम्हाला सांगून गेलो होतो!"

"आता गं बया. तुमीच तर म्हणलात! आत्ता, आतल्या खोलीतून. 'आवडाबाई, जा आता तुम्ही. मी आहे.' मी जाते म्हणलं, बाईंनी साखळी लावून घेतली..." त्यांची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली, मग माझ्या तोंडावर.

डबा मी तिथंच टाकला. तो पायऱ्यांवरून आदळत खाली गेला.

७

कुलूप उघडलं. दार साखळीपुरतं उघडलं आणि अडकलं.

मी जे पाहिलं ते हाताच्या रुंदीच्या फटीतून पाहिलं. हॉल रिकामा. टेबलावर उशी, उशीवर कपाळाचा खळगा. समोर माझ्या खोलीचं दार उघडं होतं. त्याची कडी बाहेरून असते. पडदा अर्धवट ओढलेला, आणि उरलेल्या जागेतून आकाश. गॅलरीची दोरी एका बाजूने सुटून लोंबत होती.

पडद्याच्या कडेला मंजुषाचा खांदा दिसत होता. मान खाली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. तिचा डावा कोपर अंगापासून जरा दूर उचललेला होता. आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडायला कुणी धरतं, तेव्हा हात राहतो तसा. धरणारा पडद्यामागे होता.

पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. खाली मंजुषाची पावलं होती, आणि त्यांच्या शेजारी माझ्या घरात घालायच्या निळ्या स्लिपर. त्यांत पाय होते का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. स्लिपर पुढे सरकत होत्या एवढं सांगतो.

"हळू, स्वल्पविराम," माझा आवाज म्हणाला. "आता उंबरा आहे, स्वल्पविराम, पाय उचल."

तिने पाय उचलला.

"मंजुषा!" मी ओरडलो. "थांब! पुढे जाऊ नकोस! साखळी काढ! मंजुषा!"

ती थांबली. गॅलरीच्या फरशीवर, उन्हात. मी खांद्याने दार ढकलत होतो, मागे आवडाबाई शेजाऱ्यांची दारं बडवत होत्या. मंजुषाने मान उचलली नाही. ती फक्त किंचित डावीकडे कलली, जिकडून तिचा कोपर धरलेला होता तिकडे.

"अहो," तिने तिकडेच विचारलं, "दारात कोण ओरडतंय?"

"मी! मी ओरडतोय! मंजुषा, मी आहे!"

तिचा खांदा ताठ झालेला मी एवढ्या लांबून पाहिला. ती ऐकत होती. दोन्हीकडे. आयुष्यभर ओळखीचा असलेला एक आवाज दारात शिव्यांच्या चालीत किंचाळत होता. आणि दुसरा तिच्या शेजारी उभा होता, ज्याने गेले तीन दिवस तिला विचारलं होतं, उजेड टोचतोय का.

"कुणी नाही," तो म्हणाला. किती समजुतीने म्हणाला. "विकायला आलंय कुणीतरी, पूर्णविराम. तू इथंच उभी राहा. मी दार लावून येतो."

तिचा खांदा सैलावला. तिने मान डोलावली.

स्लिपर वळल्या. पडदा हलला नाही. हॉलच्या फरशीवर त्यांचा आवाज माझ्याकडे येत गेला, सावकाश, घरच्या माणसाचा असतो तसा. फटीत उजेड होता तिथं तो राहिला नाही. आणि दार माझ्या खांद्यावर आतून दाबलं गेलं, अजिबात घाई न करता, मी विक्रेत्यांच्या तोंडावर लावतो तसं.

आतून कडी सरकली. मग ती एकदा ओढून बघितली गेली.

मग स्लिपरांचा आवाज परत आत गेला, गॅलरीकडे.